बाळंतिणीची विचारपूस

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या धाकट्या भावाला दुसरी मुलगी झाली. आमच्या मराठवाड्यातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत धाकट्या भावजयीला नावाने हाक मारत नाहीत, ‘दुल्हन’ म्हणतात. पहिले बाळंतपण तिच्या माहेरी झाले होते. या वेळी तिची अम्मी आजारी होती, म्हणून दुसरे आमच्याकडे झाले. घरात कशाचीच कमतरता नव्हती. सकाळी हरीरा, दुपारी डिंकाचे लाडू, मालीश करायला रोज बाई, संध्याकाळी लोबानचा धूर, उशाखाली चाकू. छटी झाली, सातव्या दिवशी अकीका झाला. येणारी प्रत्येक बाई बाळाला मांडीवर घेऊन बघायची, ‘कोणावर गेली आहे’ यावर बोलायची आणि जाताना दुल्हनला सांगायची, “पुढच्या वेळी इन्शाअल्लाह बेटा होईल.”

दहाव्या-बाराव्या दिवसापासून ती गप्प होऊ लागली. बाळ झोपले तरी ती झोपत नसे. रात्री उठून उठून बाळाच्या नाकापाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून. ताट समोर ठेवले की दोन घास खाऊन सरकवायची. एक दिवस दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ती भिंतीकडे बघत बसली होती. मला म्हणाली, “आपा, मेरेसे नै होता.”

मी बी.एड. केलेली शिक्षिका. बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झालेली. आणि मी तिला काय उत्तर दिले? “शुक्र कर. अल्लाहने तंदुरुस्त बच्ची दिली. ज्यांची गोद रिकामी आहे त्यांना विचार.” त्यानंतर ती माझ्याजवळ त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

अम्मीला वाटले नजर लागली. खालांनी सांगितले, मगरिबच्या वेळी ओले केस सोडून दारात बसली असेल, ‘असर’ झाला असेल. एक आमिल येऊन तावीज देऊन गेले. चाळीस दिवस भरले, चिल्ल्याचे न्हाण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ती चुलीपाशी उभी राहिली. सगळ्यांना वाटले, बरी झाली. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी वह्या तपासत होते. ती आली, बाळ माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “आपा, इसको आपच रख लो. मेरे पास इसका अच्छा नै होता.” मी हसले, “काहीतरीच काय,” म्हणाले आणि पुन्हा वह्यांत डोके घातले. तिच्या त्या बोलण्यात काय होते हे मला आज समजते, आणि अंगावर काटा येतो.

दीड महिन्याच्या डोससाठी आम्ही बाळाला अंगणवाडीत नेले. नर्सबाईंनी सुई टोचली, कार्डावर लिहिले आणि विचारले, “रात्री झोपते का गं बाळ?” दुल्हन म्हणाली, “झोपते.” नर्सबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. “आणि तू?”

एवढेच विचारले. दुल्हन रडायला लागली ती थांबेना. मागे बायकांची रांग होती, तरी नर्सबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवले, पाणी दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, “ताई, हा आजार आहे. याला औषध आहे. उद्याच घेऊन जा.” दुसऱ्या दिवशी भावाने तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टर भावाशीही वेगळे बोलले. तिला नीट झोप लागायला तीन आठवडे गेले. मोकळी हसायला चार महिने लागले. ती मुलगी यंदा दहावीला होती.

हे सगळे मी दुल्हनला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, “लिखो आपा. मेरे जैसी और भी होंगी.”

तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत

बाळंतपणानंतर रडू येणे हे प्रत्येक वेळी आजाराचे लक्षण नसते. प्रसूती होताच गरोदरपणात वाढलेली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, एकदम खाली येतात. शरीर थकलेले असते, झोप मोडलेली असते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक मातांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, घडीत हसू तर घडीत आसू असे होते. ही उदासी विश्रांतीने आणि प्रेमळ शब्दांनी साधारण दोन आठवड्यांत आपोआप निघून जाते. तिला औषध लागत नाही.

दोन आठवड्यांनंतरही मन उतरलेलेच राहिले तर मात्र ते नैराश्य, म्हणजे डिप्रेशन असू शकते. कशातच आनंद वाटत नाही. बाळ झोपले असतानाही झोप येत नाही. भूक मरते किंवा उगाच खात राहावेसे वाटते. मी वाईट आई आहे, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, असे सतत मनात येते. बाळाविषयी माया दाटून येत नाही आणि त्याची लाज वाटते. काहींना उदासीपेक्षा भीतीच जास्त असते: बाळ हातून पडेल, गुदमरेल, आजारी पडेल. काहींना हे काहीच सांगता येत नाही. त्या डोके दुखते, छातीत धडधडते, अंगात ताकद नाही एवढेच सांगतात. हे दुखणे पहिल्या महिन्यातच येते असेही नाही, बाळ वर्षाचे होईपर्यंत कधीही सुरू होऊ शकते. अशक्तपणा, रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा बिघाड यांतूनही अशी लक्षणे दिसतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

तिसरी अवस्था क्वचित येते, हजार बाळंतिणींमध्ये एक किंवा दोघींना. पण ती तातडीची असते. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच बाई अचानक बदलते. रात्र रात्र जागते आणि तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात, बाळाविषयी विचित्र समजुती धरते, घरच्यांवर संशय घेते. अशा वेळी तिला आणि बाळाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे ‘असर’ म्हणून सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो नेमका याच आजारात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर हाच आजार चांगला बरा होतो.

हे दुखणे किती घरांत आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात सुमारे 10 टक्के गरोदर स्त्रियांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच प्रमाण 15.6 आणि 19.8 टक्के आहे. भारतातल्या 38 अभ्यासांतल्या वीस हजारांहून अधिक मातांची माहिती एकत्र करून 2017 मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण 22 टक्के निघाले. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. आपल्या मोहल्ल्यात गेल्या वर्षी किती पाळणे हलले ते मोजा, म्हणजे हिशोब कळेल.

ईमान कमजोर झाले का?

दुल्हन बरी झाल्यावर मला म्हणाली होती, “मला सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा झाला. मला वाटायचे, मी नाशुक्री आहे, अल्लाह माझ्यावर नाराज आहे.” हा विचार तिच्या मनात आपोआप आला नव्हता. माझ्यासारख्यांनी तो घातला होता.

म्हणून मी पुन्हा कुरआन उघडून बसले. सूरह मरियममध्ये हजरत मरियम (अलै.) यांच्या प्रसूतीचा प्रसंग आहे. वेणा त्यांना खजुरीच्या खोडापाशी घेऊन येतात. त्या एकट्या आहेत, लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, आणि त्या वेदनेत त्यांच्या तोंडून निघते की याआधीच मरण आले असते आणि मी विस्मरणात गेले असते तर बरे झाले असते. साऱ्या जगातल्या स्त्रियांमध्ये जिला निवडले गेले, तिच्या तोंडचे हे उद्गार आहेत. आणि उत्तर काय मिळते? फटकार नाही, ‘सब्र कर’ असा उपदेशही नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळतो. पायाशी पाण्याचा झरा दिला जातो, ताजे खजूर दिले जातात, खा, पी आणि डोळे थंड कर असे सांगितले जाते. लोकांना उत्तरे देण्याच्या ओझ्यातूनही त्यांना मोकळे केले जाते. बाळंतिणीशी कसे वागावे याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या आईचे वर्णन आहे. बाळाला नदीत सोडल्यावर तिचे मन रिते झाले, सारे भेद उघडे करून बसेल अशी अवस्था झाली. अल्लाहने तिचे मन सावरले आणि पुढे तिचे डोळे थंड व्हावेत, तिने दुःखी राहू नये म्हणून बाळ तिच्या कुशीत परत दिले. सूरह लुकमान आणि सूरह अहकाफ या दोन्ही ठिकाणी आईने अशक्तपणावर अशक्तपणा आणि कष्टावर कष्ट सोसल्याचा उल्लेख आहे. सूरह बकरामध्ये दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि मुलापायी आईला त्रास होता कामा नये असे बजावले आहे. निफासच्या दिवसांत शरीअतने बाईला नमाजही माफ केली. हनफी मसलकात त्याची मुदत जास्तीत जास्त चाळीस दिवस, तर आपल्या कोकणी भावंडांच्या शाफई मसलकात साठ दिवसांपर्यंत. ज्या दीनने बाळंतिणीवरचे फर्ज हलके केले, त्याचे नाव घेऊन आपण तिच्यावर नवे ओझे कसे टाकतो?

प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज उतरवला आहे, हे रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलेले आपण जाणतो. आपल्या पूर्वजांनी ते मनाच्या आजारालाही लावले. दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू जैद अल-बलखी (मृत्यू 934) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. काही दुःखांचे कारण माहीत असते आणि काही दुःखे कारण सापडत नसताना शरीरातूनच उपजतात, असा भेद त्यांनी त्यात केला. कैरोत सुलतान कलाऊन यांनी 1284 मध्ये बांधलेल्या मोठ्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे ही आपल्यासाठी परकी गोष्ट आहे, असे कोणी म्हणू नये.

दुआ करा, कुरआन ऐकवा, दम केलेले पाणीही द्या. त्याने बाईला धीर वाटत असेल तर चांगलेच आहे. पण दुआ आणि दवा बरोबर चालू द्या. कोणी औषध बंद करा म्हणाले, तिला मारा, बांधा, उपाशी ठेवा किंवा बाळापासून तोडा म्हणाले, तर त्या माणसाला दारातूनच सलाम करून परत पाठवा.

गोव्यातल्या मातांनी काय सांगितले

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के स्त्रियांना नैराश्य असल्याचे दिसले. त्यांच्यापैकी 78 टक्के स्त्रिया गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

या तीन आकड्यांजवळ मी आपल्या घरातल्या रीतीभाती ठेवून पाहिल्या. सातव्या महिन्यात आपण सतवासा करतो. हिरव्या बांगड्या, फुलांचा गजरा, गोडधोड सगळे होते, पण तिच्या मनात काय चालले आहे हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. खरे तर विचारपूस तिथूनच सुरू व्हायला हवी. बाळंतपणानंतर चाळीस दिवस आपण तिला जपतो. ही रीत उत्तम आहे, ती मोडू नये. आशाताईही नवजात बाळासाठी घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे घरचा चिल्ला आणि सरकारी भेटी जवळजवळ एकाच आठवड्यात संपतात. मालीशवाली बंद होते, माहेरची माणसे परततात, लाडवांचा डबा रिकामा होतो, आणि बाई एकटी स्वयंपाकघरात उभी राहते. गोव्यातल्या पाहणीत आजार दिसला तो नेमका याच सुमारास. आमच्या दुल्हनने बाळ माझ्या मांडीवर ठेवले तेही याच दिवसांत.

धोका कोणाला जास्त होता? गरिबीत असलेल्यांना, नवऱ्याशी न पटणाऱ्यांना, आणि मुलगी झालेल्यांना. हे वाचून मला अकीक्याचा तो दिवस आठवला. मुलगी झाल्याची खबर ऐकून तोंड काळवंडणाऱ्यांची निंदा सूरह नहलमध्ये आहे. दोन मुलींना नीट वाढवणाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी कियामतच्या दिवशी आपल्या जवळची जागा सांगितली. हे आपण बयानात ऐकतो, मान डोलावतो, आणि बाळंतिणीच्या खाटेपाशी जाऊन पुढच्या बेट्याची दुआ देतो. ती ते ऐकते आणि उशीत तोंड घालते.

सखी आणि रजाकार

उपाय फार महागडे किंवा अवघड आहेत का? याचे उत्तर पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत मिळाले. तिथे आपल्या आशाताईंसारख्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ घरोघर जातात. डॉ. आतिफ रहमान यांनी त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांशी कसे बोलायचे ते शिकवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक अशा चार भेटी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन, आणि पुढे दर महिन्याला एक अशा नऊ. एकूण सोळा भेटी, बाळ साधारण दहा महिन्यांचे होईपर्यंत.

त्या भेटींत बोलणे तीन गोष्टींवर व्हायचे: आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळाचे नाते, आणि आईचे आजूबाजूच्या माणसांशी असलेले संबंध. ‘तुला मानसिक आजार आहे’ असे सांगून दार ठोठावले जात नसे. बाळ निरोगी वाढावे म्हणून आईने निरोगी असले पाहिजे, एवढेच सांगितले जाई, आणि सासूलाही ते पटत असे. चित्रे दाखवून आधी मनात येणारा घातक विचार ओळखायचा. ‘नशिबातच असेल तर मी काय करणार’ हा तसला एक विचार. मग त्याच्या जागी उपयोगी विचार ठेवायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी छोटी गोष्ट करून बघायची.

या प्रयोगात 903 माता होत्या. सगळ्यांना नैराश्य होते. सर्वांकडे सारख्याच भेटी झाल्या, फक्त अर्ध्या गावांत हे बोलणे होते आणि अर्ध्या गावांत नेहमीची चौकशी. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या चौकशीच्या गावांत 53 टक्के माता अजून आजारी होत्या, तर या बोलण्याच्या गावांत 23 टक्के. बाळांच्या वजन-उंचीत मोठा फरक पडला नाही, पण जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या, आणि आई-बाप बाळाशी अधिक खेळू लागले. 2008 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगभरासाठी स्वीकारली.

नंतर गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या मदतीने आणि रावळपिंडीत आणखी एक पाऊल पुढे टाकले गेले. आरोग्यसेविकेऐवजी वस्तीतल्याच साध्या, मुलेबाळे असलेल्या स्त्रियांना हे काम शिकवले. गोव्यात त्यांना ‘सखी’ म्हटले गेले आणि रावळपिंडीत ‘रजाकार’. आमच्या मराठवाड्यात रजाकार या शब्दाच्या आठवणी कडू आहेत. उर्दूत मात्र त्याचा साधा अर्थ आहे, स्वखुशीने सेवा करणारा. एका ठिकाणी मराठी मनाचा शब्द, दुसऱ्या ठिकाणी उर्दू मनाचा, काम एकच: शेजारच्या बाईजवळ बसून तिचे ऐकून घेणे. गोव्यात सखी ज्यांच्याकडे जात होत्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक निघाले.

घराने काय करावे

पहिली जबाबदारी शौहरची. रसूलुल्लाह (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. बाळाचे लंगोट बदलणे, ढेकर काढणे, रात्री एकदा उठून बाळाला खांद्यावर घेणे यात मर्दानगी कमी होत नाही. बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळणे हाच अर्धा उपचार आहे. तिच्याशी बोलताना उपाय सांगायची घाई करू नका. “तुला काय होतेय ते सांग, मी ऐकतो,” एवढे पुरे. बापाचे मनही या काळात खचू शकते, त्यानेही ते लपवू नये.

सासू आणि नणंद यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, काही गोष्टी. ‘आम्ही नऊ-नऊ काढली’ हे वाक्य विसरून जा. आमच्या अम्मी शेवटी एकदा म्हणाल्या, “मलाही तिसऱ्या वेळी असेच झाले होते. कोणाला सांगणार?” तेव्हा मला कळले, त्या काळी हे दुखणे नव्हते असे नाही, विचारणारे नव्हते. दूध कमी येत असेल तर टोमणा मारू नका. वरचे दूध द्यावे लागले तर त्यात तिचा गुन्हा नाही. चिल्ला संपला की एकदम सगळे काम अंगावर टाकू नका. पुढचे तीन-चार महिने आठवड्यातून एक दुपार बाळ तुम्ही सांभाळा आणि तिला झोपू द्या, शेजारी जाऊ द्या, मोकळ्या हवेत चालू द्या.

मुबारकबाद द्यायला जाणाऱ्यांनी पंधरा मिनिटांत उठावे. तिच्या पोटाकडे, रंगाकडे, बाळाच्या रंगाकडे बघून शेरे मारू नयेत. जमले तर डब्यात सालन घेऊन जावे, आणि जाताना चार कप विसळून ठेवावेत.

ज्यांनी जास्तच काळजी घ्यायला हवी अशाही बहिणी आहेत: ज्यांना आधी नैराश्य आले होते, ज्यांचे आधीचे बाळ दगावले किंवा गर्भ पडला, ज्यांची प्रसूती फार कठीण गेली, ज्यांचे बाळ काचेच्या पेटीत आहे, ज्यांचे शौहर परदेशी आहेत, आणि ज्यांच्यावर घरात हात उचलला जातो.

कुठे जावे

1987 मध्ये एडिंबरा येथे जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक सोपी यादी तयार केली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, रडू येत राहिले का, स्वतःला इजा करावी असे वाटले का, असे ते साधे प्रश्न आहेत. जगभर डॉक्टर आणि नर्स ती वापरतात. तिच्यावरून निदान होत नाही, पण कोणाला डॉक्टरांकडे पाठवावे हे कळते. गरोदरपणाच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा की मनाविषयीही विचारा.

सुरुवात आशाताई, नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांवर उपचाराची सोय असते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तासांत कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. पडद्याआड, घर न सोडता एखादी बहीण तिथे मन मोकळे करू शकते.

आजार हलका असेल तर समुपदेशनानेच बरे वाटते. जास्त असेल तर गोळ्या लागतात. दूध पाजताना चालतील अशा गोळ्या आहेत, म्हणून ‘दुधातून बाळाला जाईल’ या भीतीने आपल्या मनाने औषध बंद करू नये. आपण दूध पाजतो हे डॉक्टरांना सांगावे, ते तसेच औषध निवडतात. बरे वाटू लागले तरी गोळ्या एकदम सोडू नयेत.

रुग्णालयात दाखल केले तर बाळ काढून घेतील, ही भीतीही घरोघरी असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये. बाळाला धोका असेल तरच तात्पुरते वेगळे ठेवतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. एखादी बाळंतीण म्हणाली की मी नसलेलीच बरी, बाळाला तुम्हीच सांभाळा, माझ्याजवळ त्याचे भले होणार नाही, तर माझ्यासारखे हसून वह्यांत डोके घालू नका. तिच्याजवळ बसा. “तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?” असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

आमच्या दुल्हनची थोरली लेक आता लग्नाची आहे. परवा तिच्या आईने मला सांगितले, “आपा, हिचे बाळंतपण माझ्याकडेच करायचे. चिल्ला झाला तरी चार महिने मी पाठवणार नाही.” मी म्हटले, “सासरचे ऐकतील का?” ती म्हणाली, “नै ऐकले तर मी तिथे जाऊन राहीन.”

पुढच्या वेळी कोणाकडे बाळ बघायला गेलात तर बाळाला जरूर घ्या, माशाअल्लाह म्हणा, दुआ द्या. मग बाळ दुसऱ्या कोणाकडे देऊन तिच्या खाटेवर बसा आणि त्या नर्सबाईंनी विचारले तेच विचारा. आणि ती काही बोलू लागली, तर तिचे बोलणे संपेपर्यंत उठू नका. अल्लाह आपल्या सर्व बहिणींना बाळासह सुखरूप ठेवो, आमीन.